वर्गातली विविधता आणि पूर्वग्रह : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

विविधतेचे शिक्षण म्हटले की बहुतेक शाळांना प्रथम वेशभूषा स्पर्धा सुचते. एकाने धोतर-फेटा घालायचा, दुसऱ्याने शेरवानी, तिसऱ्याने डोक्याला पिसे खोवून ‘आदिवासी’ व्हायचे, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि दुपारी पोषण आहाराच्या पंगतीत मुलांनी पुन्हा रोजच्याच जागी, रोजच्याच सोबत्यांशेजारी बसायचे. अशी पिसे लावणारे आदिवासी आपल्या जिल्ह्यात नेमके कोठे राहतात, हे आयोजकांना विचारले तर त्यांनाही सांगता येत नाही. या लेखात सुचवलेला क्रम वेगळा आहे. शिक्षकाने आधी स्वतःचे वागणे आणि वर्गाची रोजची घडी तपासावी, मग मुलांना बरोबरीच्या नात्याने एकत्र काम करायला लावावे, आणि इतिहास, चर्चा, उपक्रम हे सगळे त्यानंतर आणावे. क्रम उलटा केला तर मुले फळ्यावरचे सुविचार पाठ करतात आणि मैदानावर एकमेकांना जातीवरून चिडवतात.

येथे डोळ्यांसमोर आहे तो जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतला पाचवी ते आठवीचा वर्ग. अनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही यातले बहुतेक लागू पडेल.

पहिली पायरी : वर्गात कोण बसले आहे ते समजून घ्यावे

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा म्हणून नोंदवली. लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १२ टक्के, अनुसूचित जमातींचे ९ टक्क्यांहून थोडे अधिक, मुस्लिमांचे साडेअकरा टक्के आणि बौद्धांचे सहा टक्क्यांच्या जवळपास होते. हे आकडे राज्याचे झाले. वर्गाचे आकडे निराळे असतात, आणि शिक्षकाला उपयोग त्यांचाच होतो. मेळघाटातल्या वर्गात कोरकू बोलणारी मुले बहुसंख्य असू शकतात. भामरागडला माडिया, यवतमाळच्या काही भागांत कोलामी आणि गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा), नंदुरबारला पावरी, भिली आणि मावची, पालघरला वारली आणि कातकरी मुले भेटतात. पिंपरी-चिंचवडच्या किंवा भिवंडीच्या एकाच वर्गात हिंदी, उर्दू, भोजपुरी, कन्नड आणि तेलुगू घरी बोलणारी मुले एका बाकावर बसलेली असतात.

ही माहिती वर्गात उभे करून विचारू नये. शाळा सुटल्यावर वस्तीवर चक्कर मारावी, दारात उभे राहून पालकांशी बोलावे, आणि घरी आल्यावर स्वतःच्या वहीत प्रत्येक मुलापुढे मोजक्या गोष्टी लिहाव्यात : घरी कोणती भाषा बोलतात, कुटुंब वर्षातले कोणते महिने गावाबाहेर असते, आणि मूल शाळेबाहेर कोणते काम चांगले करते. शेवटची नोंद क्षुल्लक वाटेल, पण पुढे गट पाडताना तीच सर्वांत जास्त कामी येते. या वहीत जात लिहू नये. ती जनरल रजिस्टरमध्ये आहेच, आणि शिकवताना ती सतत डोळ्यांपुढे असण्याची गरज नाही.

स्थलांतराची नोंद विशेष काळजीने करावी. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शिक्षक अशा गावात असेल तर हंगामी वसतिगृहाची आणि शिक्षण हमी कार्डाची (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे यासाठीचे कार्ड) व्यवस्था मुले निघण्याआधीच पाहावी. शिक्षक कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत असेल तर वर्षाच्या मध्यावर काही मुले वर्गात येणार हे गृहीत धरून त्यांची जागा, पाट्या-पुस्तके आणि बरोबरचे सोबती आधीच ठरवून ठेवावेत. ऐन सत्रात आलेल्या मुलाला ‘तात्पुरते’ म्हणून मागच्या भिंतीशी बसवले की उरलेला वर्गही त्याला तात्पुरताच समजू लागतो.

दुसरी पायरी : स्वतःचे वागणे आणि वर्गाची घडी तपासावी

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण मुले शिक्षकाच्या भाषणापेक्षा त्याच्या सवयींवरून शिकतात.

सुरुवात शिष्यवृत्तीच्या अर्जांपासून करता येते. ‘एस.सी.ची मुले उभी राहा, एन.टी.ची इकडे या’ ही आरोळी अनेक शाळांत अजून ऐकू येते, आणि ती देणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. त्याला कागद वेळेत पाठवायचे असतात. पण तिचा परिणाम मोजला गेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाटशोधनाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सर्वांसमोर जात पुकारल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तीच, फक्त एक घोषणा वाढली होती. म्हणून अर्जांचे काम पालकसभेत किंवा मुलांना एकेकटे बोलावून करावे, बंद पाकिटातून कागद घरी पाठवावेत, आणि गणवेश, पुस्तके किंवा पैसे वाटताना ‘कोणत्या योजनेतून’ हे वर्गात बोलू नये.

दुसरी गोष्ट कामांच्या वाटणीची. सलग एक आठवडा शिक्षकाने प्रामाणिकपणे लिहून काढावे : वर्ग कोणी झाडला, पाहुण्यांना पाणी कोणी दिले, हार कोणी घातला, खिचडी वाढायला कोण उभे राहिले, स्वच्छतागृहात पाणी कोणी टाकले, फळ्यावर उत्तर लिहायला कोणाला बोलावले. हा कागद बहुधा अस्वस्थ करतो. झाडण्याचे काम मुलींकडे किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांकडे, स्वागताचे काम ‘नीटनेटक्या’ मुलींकडे आणि फळा तीन-चार हुशार मुलग्यांकडे, अशी विभागणी कोणी न ठरवता पडून गेलेली असते. उपाय सोपा आहे. सर्व कामांचा फिरता तक्ता भिंतीवर लावावा आणि त्यात शिक्षकाचेही नाव घालावे. शिक्षकाने आठवड्यातून एकदा हातात झाडू घेतला की त्या कामाचा वर्गातला दर्जा बदलतो, आणि पालकांच्या तक्रारीही आश्चर्यकारकरीत्या कमी होतात.

बसण्याची जागा हा तिसरा मुद्दा. मुलांना आपापल्या मर्जीने बसू दिले तर ती गल्लीप्रमाणे आणि भावकीप्रमाणे बसतात. जागा शिक्षकाने ठरवाव्यात, पण ‘या दोघांना मुद्दाम शेजारी बसवले’ असे वाटू देऊ नये. तसे वाटले तर एका मुलाला दुसऱ्याच्या सुधारणेचे साधन केल्यासारखे होते. त्यासाठी वर्णानुक्रम उत्तम, मात्र तो पहिल्या नावाचा असावा. आपल्याकडे आडनावात पुष्कळदा जात दिसते आणि आडनावांचा क्रम लावला तर भावकी पुन्हा एकत्र येते. महिन्यातून एकदा सगळी रांग दोन जागा पुढे सरकवावी. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या खासगी शाळांचा जो अभ्यास केला, त्यात श्रीमंत घरच्या मुलांचा गरीब सहाध्यायांशी किती जवळून संबंध आला हे तपासण्यासाठी त्याने वर्णानुक्रमाने पडलेल्या अभ्यासगटांचाच उपयोग केला होता. गरीब मुलांबरोबर शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, असे त्याला आढळले.

वर्गात वस्तू हरवते तेव्हा शिक्षकाची खरी परीक्षा होते. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कंपासपेटी हरवली की पारधी मुलाचे दप्तर पहिल्यांदा उघडण्याची सवय त्या कायद्याबरोबर गेली नाही. नियम पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावा : हरवलेली वस्तू दुसऱ्या दिवशीपर्यंत शिक्षकाच्या टेबलावरच्या खोक्यात ठेवता येईल, कोणी ठेवली हे विचारले जाणार नाही, आणि कोणाचेही दप्तर कोणीही तपासणार नाही. सगळ्यांची दप्तरे तपासणे हाही मार्ग नव्हे, कारण तपासणी सुरू झाली की सगळ्या नजरा कोणाकडे वळतात हे त्या मुलाला कळतेच.

डब्याबद्दल एकच नियम पुरतो : दुसऱ्याच्या जेवणाला नाव ठेवायचे नाही, नाक मुरडायचे नाही. कोण काय खातो याची चर्चा शिक्षकाने स्वतःहून काढू नये आणि ‘सात्त्विक आहार’ या नावाखाली निम्म्या वर्गाचे घरचे जेवण हीन ठरवणारा सुविचार परिपाठात घेऊ नये. रोजा धरलेल्या मुलाचे किंवा उपास असलेल्या मुलीचे सर्वांसमोर कौतुकही नको आणि चौकशीही नको. दुपारच्या उन्हात खेळाच्या तासाला सावलीत बसण्याची मुभा शांतपणे द्यावी.

टोपणनावे, उच्चाराची नक्कल आणि रंगावरून होणारी थट्टा यांना शिक्षकाने स्वतः हसू नये. म्हणीही तपासून घ्याव्यात. जातींची नावे घालून तयार झालेल्या म्हणी मराठीत बऱ्याच आहेत आणि त्या सहज तोंडात येतात. भाषेच्या तासाला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

तिसरी पायरी : घरच्या भाषेला वर्गात जागा द्यावी

पहिलीत आलेल्या गोंडी मुलाला ‘पाणी’ हा शब्द येत नाही असे म्हटले जाते, तेव्हा त्याला ‘येर’ येते हे कोणाच्या लक्षात नसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याविषयी संविधानाचा अनुच्छेद ३५० क आहे. मराठी माध्यमाच्या शिक्षकाच्या हातात एवढे तरी नक्की असते की त्याने अहिराणी, वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतल्या उत्तराला ‘अशुद्ध’ म्हणू नये. उत्तर बरोबर असेल तर ते बरोबर म्हणून स्वीकारावे आणि मग ‘पुस्तकात हे असे लिहितात’ म्हणून प्रमाण रूप फळ्यावर द्यावे.

भिंतीवर एक मोठा कागद लावून नेहमीच्या तीस-चाळीस वस्तूंची वर्गातल्या सगळ्या भाषांतली नावे मुलांकडून लिहून घ्यावीत. ज्या भाषेला वेगळी लिपी आहे तिची नावे त्या लिपीतही लिहावीत. येथे शिक्षक विद्यार्थी होतो आणि एरवी गप्प असलेले मूल शिकवणारे होते, हा त्या कागदाचा मुख्य लाभ. मोठ्या मुलांना पुढची माहिती सांगता येते : गोंडी आणि कोलामी या तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत, कोरकू मुंडारी-संथाळीच्या नात्यातली आहे, आणि मराठी आर्य भाषाकुळातली. एका विदर्भात तीन भाषाकुळे नांदतात हे कळल्यावर सातवीची मुले कोरकूला ‘जंगलची बोली’ म्हणायला कचरतात.

चौथी पायरी : गरजेने एकत्र यावे लागेल असे काम द्यावे

नुसते शेजारी बसवून पूर्वग्रह जातो, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती अपुरी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले की दोन गटांतला संपर्क उपयोगी ठरायला काही अटी लागतात : त्या प्रसंगापुरता तरी दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांच्या मदतीची गरज पडायला हवी, आणि वरिष्ठांचा या मिसळण्याला उघड पाठिंबा हवा. भारतातही याचा पडताळा आला आहे. मॅट लोव या संशोधकाने उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात क्रिकेटच्या स्पर्धा भरवून काही तरुणांना मिश्र जातींच्या संघांत आणि काहींना एकाच जातीच्या संघांत घातले. एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आलेल्यांच्या बाबतीत तसा लाभ दिसला नाही. याचा शाळेपुरता अर्थ असा की खेळाच्या तासाला ‘वरची आळी विरुद्ध खालची आळी’ असे संघ कधीही पाडू नयेत.

वर्गात यासाठी सर्वांत सोयीची पद्धत एलियट ॲरॉन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात तयार केली. तेथे काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि तणाव वाढला होता. पद्धत अशी : समजा वर्गात तीस मुले आहेत आणि विषय ‘आपल्या तालुक्याचे पाणी’ आहे. धड्याचे पाच तुकडे करावेत : पाऊस आणि नदी, विहिरी, धरण आणि कालवा, टँकर, भूजल. पाच-पाच मुलांचे सहा मिश्र गट पाडावेत आणि प्रत्येक गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यावा. आता सहाही गटांतली ‘विहिरी’वाली मुले एका कोपऱ्यात एकत्र बसून आपला तुकडा समजून घेतात, शंका शिक्षकाला विचारतात, आणि परत जाऊन आपापल्या गटाला तो शिकवतात. शेवटी लहानशी चाचणी प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी, पण प्रश्न पाचही तुकड्यांवर असावेत.

या रचनेत विहिरीबद्दल जाणून घ्यायचे असेल तर विहिरीचा तुकडा ज्याच्याकडे आहे त्याचे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते, मग तो ऊसतोड कामगाराचा मुलगा असो की सरपंचाची मुलगी. वाचनात मागे असलेले मूल अडखळेल ही भीती रास्त आहे. कोपऱ्यातली तयारी त्यासाठीच आहे आणि ती कधीही गाळू नये. पहिल्या वहीतली ‘मूल कोणते काम चांगले करते’ ही नोंद येथे उपयोगी पडते : ज्याच्या घरी बोअर मारण्याचे काम आहे त्याला भूजल द्यावे, जी मुलगी रोज टँकरच्या रांगेत उभी राहते तिला टँकर. पहिल्या दोन-तीन वेळेला गोंधळ होईल आणि शेजारचा वर्ग तक्रार करील. तरीही आठवड्यातून एकदा, किमान एक सत्रभर, पद्धत चालू ठेवावी.

पाचवी पायरी : धड्यांत सगळ्यांची माणसे यावीत

अमेरिकेत बहुसांस्कृतिक शिक्षणाची मांडणी करणाऱ्या जेम्स बँक्स यांनी या शिक्षणाची पाच अंगे सांगितली. पूर्वग्रह कमी करणे हे त्यांतले एक, आणि पाठ्यविषयात विविध समूहांचा अनुभव आणणे हे दुसरे. महाराष्ट्रातल्या शिक्षकाला या दुसऱ्या अंगासाठी दूर जाण्याची गरज नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, सातवी-आठवीच्या मुलांना आपल्याच वयाच्या मुलीचे हे लेखन वाचून दाखवता येते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले, जेथे मुले एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. हे दोन मार्ग का निघाले आणि कोणत्या परिस्थितीत कोणता योग्य, हा आठवीच्या वर्गासाठी मला सर्वांत चांगला चर्चाविषय वाटतो, कारण त्याला तयार उत्तर नाही.

बाबासाहेब आंबेडकरांची शाळेतल्या पाण्याची हकीकत जवळजवळ प्रत्येक मुलाला माहीत असते : नळाला हात लावायची मनाई, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहणे. ती ‘पूर्वीच्या काळची’ गोष्ट म्हणून सांगून सोडून देऊ नये. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९५० पासून अमलात असलेला, अस्पृश्यता नष्ट करणारा संविधानाचा अनुच्छेद १७ तिच्याशी जोडावा, आणि मग आजच्या काळातला एखादा निर्णय घ्यावा. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आपल्या गावात ती बदलली का, नवीन नाव काय ठेवले, लोक बोलताना कोणते वापरतात, हे मुलांना ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येते.

भूगोलाच्या तासाला स्थलांतराचा नकाशा करावा. प्रत्येक मुलाने घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून यावे की आपले घर या गावात कोठून आणि का आले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेली घरे, कोयना धरणामुळे उठून रायगड-ठाण्याकडे गेलेली घरे, कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेली घरे, लग्न होऊन आलेल्या आज्या, फाळणीनंतर उल्हासनगरला वसलेली सिंधी कुटुंबे असे धागे नकाशावर लागू लागतात. कोकणच्या शाळेत बेने इस्राएली लोकांची माहिती अवश्य द्यावी : तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. उत्तर प्रदेशातून गेल्या वर्षी आलेला मुलगा या नकाशावर एकटा परका राहत नाही. मात्र दंगलीमुळे किंवा घरातल्या भांडणामुळे गाव सोडावे लागलेले कुटुंब असेल तर मुलाला ‘सांगायचे नाही’ म्हणण्याची मोकळीक आधीच द्यावी.

धर्मांविषयी शिकवताना अनुच्छेद २८ लक्षात असावा. पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. लोक काय मानतात आणि कसे राहतात याची माहिती देता येते. ईदेला वर्गातल्या एकमेव मुस्लिम मुलाला ‘तुमच्यात काय करतात ते सांग’ म्हणून उभे करणे हे चांगल्या हेतूने होते आणि बहुधा चुकते, कारण नऊ वर्षांच्या मुलावर अख्ख्या समाजाचा वकील होण्याची वेळ येते. माहिती शिक्षकाने द्यावी. मुलाला भर घालावीशी वाटली तर तो घालील.

सहावी पायरी : पूर्वग्रहावर उघड बोलावे

आधीच्या पायऱ्या काही महिने चालल्यावर हा विषय काढावा. एक साधा व्यायाम उपयोगी पडतो. मुलांनी ऐकलेली ‘सगळे अमुक लोक असे असतात’ या घाटाची वाक्ये कागदावर, नाव न लिहिता द्यावीत. त्यातली समाजांची नावे असलेली वाक्ये शिक्षकाने बाजूला काढावीत आणि निरुपद्रवी वाक्ये निवडावीत : ‘सगळे मुंबईकर घाईत असतात’, ‘सगळे शिक्षक रागीट असतात’. मुलांनी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले, त्याने किती जण पाहिले असतील, आणि याच्या उलट असलेले एक तरी माणूस मला माहीत आहे का. हे प्रश्न विचारण्याची सवय लागली की बाजूला ठेवलेल्या वाक्यांकडे मुले आपण होऊन वळतात. घाई शिक्षकाने करू नये.

जेन इलियट या शिक्षिकेचा निळ्या आणि तपकिरी डोळ्यांचा प्रयोग अनेक प्रशिक्षणांत आदर्श म्हणून सांगितला जातो. मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६८ मध्ये हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या रायसव्हिल या लहान गावात इलियट यांनी तिसरीच्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले आणि एका गटाला दिवसभर हीन वागवले. तो वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा होता. आपल्या वर्गात हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. ज्या वर्गात काही मुले शाळेबाहेर खरोखरच अशी वागणूक सोसतात, तेथे तो खेळ राहत नाही.

मुलगा-मुलगी भेद आणि अपंगत्व यांनाही हीच पद्धत चालते, म्हणून त्यांचा वेगळा विस्तार येथे केलेला नाही.

सातवी पायरी : प्रसंग घडला तर

‘माझ्या डब्याला हात लावू नको, तू अमक्याचा आहेस’ असे वाक्य वर्गात आले की ते तेथल्या तेथे थांबवावे. आवाज न चढवता एवढेच म्हणावे : ‘आपल्या वर्गात असे बोलायचे नाही.’ न ऐकल्यासारखे केले तर दोन्ही मुले आणि पाहणारा वर्ग त्यातून परवानगी वाचतात. त्यानंतर ज्याला बोलले गेले त्या मुलाजवळ एकांतात बसावे, त्याला काय हवे ते विचारावे, आणि त्याच्याकडून सर्वांसमोर हकीकत वदवून घेऊ नये. बोलणाऱ्या मुलाशी वेगळे बोलावे. वाक्य कोठून आले हे बहुधा लगेच कळते, आणि ते घरातून आले असेल तर मुलाला घराविरुद्ध उभे न करता ‘शाळेचा नियम हा आहे’ एवढ्यावर ठाम राहावे. वर्गासमोर हात जोडून माफी मागायला लावू नये, छडी तर नाहीच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवते. नुकसानीची भरपाई मात्र करून घ्यावी : सांडलेला डबा भरून द्यायचा, फाडलेली वही उतरवून द्यायची.

तारीख, जागा आणि बोललेले शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवावेत. प्रसंग पुन्हा घडला किंवा त्यात मोठी माणसे गुंतली असतील तर मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. जातिवाचक अपमानासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ अस्तित्वात आहे, आणि अशा बाबी शाळेतल्या शाळेत मिटवण्याचा अधिकार शिक्षकाला नसतो.

पालक येऊन ‘आमच्या मुलाला तिथे बसवू नका’ म्हणाले तर जातिव्यवस्थेवर वाद घालण्यात अर्थ नाही. जागा पहिल्या नावाच्या क्रमाने आहे, ती दर महिन्याला बदलते, आणि कोणत्याही कारणाने मुलांत भेद होऊ न देणे हे कायद्याने शाळेचे काम आहे, असे शांतपणे सांगावे आणि लगेच त्या मुलाची वही उघडून त्याची प्रगती दाखवावी. मुख्याध्यापकांना हे धोरण आधीच सांगून त्यांची संमती घेतलेली असली पाहिजे. ऑलपोर्ट यांची वरिष्ठांच्या पाठिंब्याची अट येथे अगदी व्यवहारात उतरते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फिरत्या कामांचा तक्ता एकदा मांडून मंजूर करून घेतला तर पुढचे बरेच वाद टळतात.

फरक पडतो आहे का, हे कसे पाहावे

सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाकडून एका चिठ्ठीवर तीन नावे घ्यावीत : ज्यांच्याबरोबर प्रकल्प करायला आवडेल अशा मुलांची. ‘कोण आवडत नाही’ हे कधीही विचारू नये. घरी बसून कागदावर नावांची वर्तुळे काढून बाण जोडले की वर्गाची आतली रचना दिसते : कोणाकडे एकही बाण येत नाही, कोणते घोळके स्वतःतच फिरतात, कोणते एखादे मूल दोन घोळक्यांना जोडते. दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये हेच पुन्हा करावे. पंगतीत कोण कोणाशेजारी बसते याची महिन्यातून एकदा नोंद घेतली तर चिठ्ठीवर लिहिलेले आणि प्रत्यक्षातले यांतला फरकही कळतो. पहिल्या सत्रात बाण फारसे हलले नाहीत तरी पद्धत बदलू नये. एकही बाण न येणाऱ्या मुलाला मात्र पुढच्या गटकामात त्या जोडणाऱ्या मुलाच्या गटात घालावे.

चिठ्ठ्या मुलांच्या, सहकाऱ्यांच्या किंवा पालकांच्या हाती लागू देऊ नयेत आणि वर्ष संपल्यावर फाडून टाकाव्यात. पुढच्या वर्गशिक्षकाला द्यायच्या नोंदीत घरची भाषा, स्थलांतराचे महिने, मुलाला येणारे काम आणि कोणत्या सोबत्यांबरोबर ते मोकळे होते, एवढेच लिहावे. ‘त्रासदायक’, ‘घरची पार्श्वभूमी’ असले शेरे त्यात नसावेत.